तांबड्या समुद्रातल्या व्यापारी जहाजांवरच्या हल्ल्यांचा अंदाज कसा बांधायचा

अंदाज बांधायला बसणारे बहुतेक जण आधी बातम्या गोळा करतात. तिथून सुरुवात करू नका. आधी प्रश्न लिहा. दोन माणसांनी वेगवेगळ्या खोलीत बसून निकाल तपासला तरी उत्तर एकच यावं, इतका तो काटेकोर हवा. ‘बाब-अल-मंदेब (तांबडा समुद्र आणि एडनचं आखात जोडणारी सामुद्रधुनी) सुरक्षित आहे का?’ याला कोणी काहीही उत्तर देऊ शकतं आणि मागाहून आपलंच बरोबर होतं असं सांगू शकतं. त्याऐवजी असं लिहा: ‘येत्या सोमवारी ००:०० यूटीसीपासून सात दिवसांत, १८ अंश उत्तरेच्या दक्षिणेकडच्या तांबड्या समुद्रात किंवा ४८ अंश पूर्वेच्या पश्चिमेकडच्या एडनच्या आखातात, व्यापारी जहाजावर हूतींनी हल्ला केल्याची नोंद यूकेएमटीओ किंवा जेएमआयसी करेल का?’

(यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. हूती ही येमेनमधली सशस्त्र संघटना. यूकेएमटीओ हे ब्रिटिश नौदलाचं जहाजांना इशारे देणारं केंद्र, जेएमआयसी हे बहुराष्ट्रीय नौदल आघाडीचं माहिती केंद्र.) यातला प्रत्येक तुकडा सहेतुक आहे. १८ अंशांची रेषा घेतली, कारण लंडनच्या विमा बाजारातल्या जॉइंट वॉर कमिटीने डिसेंबर २०२३ मध्ये तांबड्या समुद्रातल्या जोखीमक्षेत्राची हद्द १५ अंशांवरून १८ अंशांपर्यंत वर नेली. विमेदार आणि तुम्ही एकाच पाण्याबद्दल बोलत असाल, तर आकडे ताडून बघता येतात. पूर्वेची हद्दही आधीच ठरवा. एप्रिल २०२४ मध्ये एमएससी ओरायनवर ड्रोन पडला तो थेट हिंदी महासागरात. २३ डिसेंबर २०२३ ला केम प्लूटोवर हल्ला झाला तो गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे २०० नाविक मैलांवर, आणि तो ड्रोन इराणमधून सुटल्याचं अमेरिकेने सांगितलं. अशा घटना तुमच्या चौकटीत धरायच्या की नाही हे त्या घडायच्या आधी ठरलेलं असावं. घडल्यावर ठरवलं की माणूस नकळत आपल्या अंदाजाच्या बाजूने झुकतो.

हल्ला म्हणजे काय

चार वेगळे रकाने करा. पहिला: अस्त्र जहाजाला लागलं, किंवा जहाजावर माणसं चढली. दुसरा: जहाजाच्या रोखाने डागलं पण चुकलं, जवळ पाण्यात स्फोट झाला. तिसरा: युद्धनौकेने किंवा विमानाने वाटेतच पाडलं. चौथा: संशयास्पद हालचाल, म्हणजे छोट्या होड्या जवळ आल्या, रेडिओवरून धमकी दिली, ड्रोन घिरट्या घालून गेला.

प्रश्नाच्या निकालासाठी फक्त पहिले दोन मोजा. तिसरा रकाना ठेवायचाच, पण बाजूला. पाडलेल्या ड्रोनांचा आकडा त्या भागात किती युद्धनौका आहेत यावर अवलंबून असतो. नौका निघून गेल्या की तो आकडा खाली येतो, हल्लेखोराचा इरादा मात्र तसाच असतो. शिवाय पाडलेला ड्रोन व्यापारी जहाजाकडे चालला होता की युद्धनौकेकडेच, हे सेंटकॉमच्या, म्हणजे अमेरिकी लष्कराच्या मध्यपूर्व विभागाच्या, निवेदनावरून दरवेळी कळत नाही. चौथा रकाना तर मोजणीत अजिबात मिसळू नका. जिथे मासेमारीच्या होड्या रोज जहाजांजवळून जातात, तिथे एखाद्या मोठ्या हल्ल्यानंतर अशा नोंदी एकदम वाढतात, कारण कप्तान अधिक सावध झालेले असतात.

सोमाली चाचेगिरीची वही निराळी. डिसेंबर २०२३ मध्ये पळवलेलं रुएन हे मालवाहू जहाज आयएनएस कोलकाता आणि मार्कोस कमांडोंनी मार्च २०२४ मध्ये सोडवलं. त्या चाच्यांना खंडणी हवी होती. त्यांचे बेत समुद्र किती खवळलेला आहे आणि किनाऱ्यावर त्यांना कोण पैसा पुरवतो यावर ठरतात. हूतींच्या हल्ल्यांचं कारण राजकीय आहे. दोन्ही एका आकड्यात घातले की पावसाळ्यात ‘धोका कमी झाला’ असं दिसतं. कमी झालेला असतो तो चाच्यांचा धोका. नैऋत्य मोसमी वाऱ्यांत लहान होड्या अरबी समुद्रात टिकत नाहीत. क्षेपणास्त्राला लाटांशी काही घेणंदेणं नाही.

नोंदवही

एका घटनेला एक ओळ. रकाने असे: यूटीसीमधली वेळ, अक्षांश-रेखांश, जहाजाचा आयएमओ क्रमांक (कायमचा ओळखक्रमांक), वरच्या चारांपैकी प्रकार, अस्त्र, इजा, पहिली बातमी कोणी दिली, दुजोरा कोणी दिला, हूतींनी दावा कधी केला. यात चुका कुठे होतात ते बारकाईने बघायला हवं, कारण पुढचं सगळं गणित या वहीवर उभं राहतं.

वेळ. येमेनची वेळ यूटीसीच्या तीन तास पुढे, भारताची साडेपाच तास. मध्यरात्रीच्या आसपासचा हल्ला तीन बातम्यांत दोन तारखांना दिसतो आणि भाबडी मोजणी त्याचे दोन हल्ले करते. हूतींचे लष्करी प्रवक्ते याह्या सरी यांचं निवेदन पुष्कळदा काही तासांनी, कधी दिवसांनी येतं. एका निवेदनात दोन-तीन जहाजांची नावं एकदम असतात. निवेदनाची तारीख घटनेची तारीख म्हणून टिपली तर आठवड्यांची सगळी विभागणी बिघडते.

जागा. यूकेएमटीओची सूचना ‘होदेदा बंदराच्या नैऋत्येला अमुक नाविक मैल’ अशी येते. तिचे अक्षांश-रेखांश करून ठेवा. अक्षांशाचा एक अंश म्हणजे ६० नाविक मैल. १५ अंश उत्तरेला रेखांशाचा एक अंश सुमारे ५८. सूचनेतला आकडा पूर्णांकात आणलेला असतो, तेव्हा दशांशाची फार चैन करू नका.

दुहेरी नोंद. एक साधा नियम चालतो: दोन नोंदींत १२ तासांपेक्षा कमी आणि ३० नाविक मैलांपेक्षा कमी अंतर असेल, आणि जहाजाचं वर्णन जुळत असेल, तर आयएमओ क्रमांक वेगळा सिद्ध होईपर्यंत ती एकच घटना. एकाच जहाजावर लागोपाठ वार झाले तर तीही एकच घटना, वारांची संख्या वेगळ्या रकान्यात. ऑगस्ट २०२४ मध्ये सुनियन या तेलवाहू जहाजावर आधी मारा झाला, खलाशी उतरले, मग हूतींनी जहाजावर चढून स्फोट घडवले. ही एक घटना आहे. जुलै २०२५ मधला इटर्निटी सी वरचा हल्ला दोन दिवस चालला, तोही एकच.

दावा. फक्त हूतींनी सांगितलेला आणि दुसऱ्या कोणीही दुजोरा न दिलेला हल्ला ‘दावा’ म्हणून ठेवा, मोजू नका. पण पुसूही नका. काही दाव्यांना आठवड्याने दुजोरा मिळतो. म्हणून वही दर सोमवारी मागच्या चार आठवड्यांपर्यंत पुन्हा तपासायची, आणि बदललेली ओळ पुसून न टाकता खाली दुरुस्ती म्हणून लिहायची.

भागाकार: किती जहाजं गेली

इथेच सर्वात जास्त अंदाज फसतात. आठवड्याला किती हल्ले झाले हा आकडा एकटा निरुपयोगी आहे. २०२३ मध्ये सुएझ कालव्यातून २६ हजारांहून जास्त जहाजं गेली, २०२४ मध्ये साधारण निम्मी. हल्ले अर्धे झाले आणि जहाजंही अर्धी झाली, तर उरलेल्या प्रत्येक जहाजासाठी धोका तितकाच आहे. आणि जी जहाजं केप ऑफ गुड होपच्या वळशाने गेली ती बहुतेक अशी होती ज्यांना आपण लक्ष्य होऊ असं वाटत होतं. म्हणजे उरलेल्यांत हल्लेखोरांच्या निशाण्यावरची जहाजं कमी, म्हणून हल्ले कमी. हा शांतपणा हल्लेखोराने दिलेला नसतो, जहाजांनी वाट सोडून मिळवलेला असतो. ती परतली की तो संपू शकतो.

रोज किती जहाजं बाब-अल-मंदेब ओलांडतात ते आयएमएफच्या पोर्टवॉच या संकेतस्थळावर फुकट मिळतं. स्वतः एआयएसची (जहाजं आपलं स्थान रेडिओवरून सतत कळवतात त्या यंत्रणेची) माहिती विकत घेत असाल तर सामुद्रधुनीवर एक रेघ मारा आणि ती ओलांडणारे वेगवेगळे आयएमओ क्रमांक मोजा. सामुद्रधुनी अरुंद भागी सुमारे ३० किलोमीटर आहे आणि मध्ये पेरिम बेट. रेघ एकच पुरते. मात्र दोन काळज्या घ्या. कित्येक जहाजं या पट्ट्यात एआयएस बंद करतात, त्यामुळे रेघेवरची मोजणी कमी भरते. उत्तरेला सुएझमधून बाहेर पडलेलं आणि पुढे अरबी समुद्रात पुन्हा दिसलेलं जहाज मधून गेलं असं धरा आणि मोजणी दुरुस्त करा. दुसरी काळजी उपग्रह-दिशादर्शनातल्या ढवळाढवळीची. मे २०२५ मध्ये एमएससी अँटोनिया जेद्दाजवळ रुतलं त्या सुमारास त्या भागातल्या जहाजांच्या खुणा नकाशावर भलतीकडे उड्या मारत होत्या. ताशी ५० नॉटने पळणारं किंवा जमिनीवर उभं असलेलं मालवाहू जहाज दिसलं की ती नोंद गाळा.

मूळ दर

आता आकडेमोड. खालचे आकडे पद्धत कळावी म्हणून कल्पिलेले आहेत.

समजा आठ आठवड्यांत पहिल्या दोन प्रकारांच्या १२ घटना, आणि रोज ३० जहाजं. एकूण फेऱ्या ८ × ७ × ३० = १,६८०. कच्चा दर १२ भागिले १,६८०, म्हणजे ०.७१ टक्के. एवढ्या थोड्या घटनांवर हा दर सरळ वापरला तर तो एका घटनेने वर-खाली नाचतो. म्हणून जुन्या अनुभवाचं थोडं वजन मिसळा: समजा आधीच्या लांब काळाचा दर ५०० फेऱ्यांमागे १. मग (१२ + १) भागिले (१,६८० + ५००), म्हणजे ०.६ टक्के. येत्या आठवड्यात २१० फेऱ्या अपेक्षित असतील तर अपेक्षित घटना सुमारे १.२५.

यावरून ‘किमान एक हल्ला’ होण्याची शक्यता काढताना पुस्तकी पॉयसाँ सूत्र ७१ टक्के सांगतं. ते जास्त आहे. पॉयसाँ असं धरून चालतो की हल्ले एकमेकांपासून सुटे आहेत. इथे ते झुंडीने येतात: एका मोहिमेत तीन दिवसांत चार, मग दोन आठवडे काही नाही. ऋण द्विपद वितरण घ्या. त्याचा पसरटपणाचा आकडा १ ठेवला तर किमान एका हल्ल्याची शक्यता ५६ टक्क्यांवर उतरते, पण तीन किंवा जास्त हल्ल्यांची १३ वरून १७ टक्क्यांवर चढते. विमा कंपनीला ही दुसरी ओळ महत्त्वाची, कप्तानाला पहिली. तुमच्या वहीतल्या आठवड्यांच्या आकड्यांचं विचरण (प्रमाण विचलनाचा वर्ग) सरासरीपेक्षा किती जास्त आहे ते पाहून पसरटपणा ठरवा. विचरण सरासरीच्या दीडपटीहून जास्त असेल तर पॉयसाँ सोडाच.

आणि शून्य आलं तर? ९० दिवस, रोज ३० जहाजं, म्हणजे २,७०० फेऱ्या आणि एकही हल्ला नाही. दर शून्य लिहू नका. तीन भागिले फेऱ्या हा ढोबळ नियम वरची मर्यादा देतो: ०.११ टक्के. त्याखालचं काहीही शक्य आहे, आणि हेही तेव्हाच, जेव्हा परिस्थिती पालटलेली नसेल.

परिस्थिती कधी पालटते

खरा कस इथे लागतो. तांबड्या समुद्रातले हल्ले एका संथ दराने कधीच चालले नाहीत. ते टप्प्याटप्प्यांनी चालले, आणि जवळजवळ प्रत्येक टप्प्याआधी कोणीतरी मोठ्याने काही सांगितलं होतं.

१४ नोव्हेंबर २०२३ ला हूतींचे नेते अब्दुल मलिक अल-हूती यांनी इस्रायली जहाजांना लक्ष्य करू असं भाषणात सांगितलं. पाच दिवसांनी हेलिकॉप्टरमधून माणसं उतरवून गॅलक्सी लीडर पळवलं गेलं. ९ डिसेंबरला धमकी इस्रायलकडे जाणाऱ्या सगळ्या जहाजांपर्यंत वाढली. १२ जानेवारी २०२४ ला अमेरिका-ब्रिटनचे हवाई हल्ले सुरू झाले आणि त्या दोन देशांची जहाजं यादीत आली. फेब्रुवारीत रूबीमारवर मारा झाला, ते २ मार्चला बुडालं. ६ मार्चला ट्रू कॉन्फिडन्सवर तीन खलाशी मारले गेले, या मोहिमेतले पहिले मृत्यू. मेच्या सुरुवातीला हूतींनी हल्ल्यांचा ‘चौथा टप्पा’ जाहीर केला. जूनमध्ये ट्यूटर बिनमाणशी होडीच्या धडकेनंतर बुडालं. जानेवारी २०२५ मधल्या गाझा युद्धविरामाबरोबर हल्ले फक्त इस्रायली जहाजांपुरते मर्यादित केल्याचं हूतींनी कळवलं.

त्यानंतरचा काळ नीट अभ्यासा. १५ मार्च ते ६ मे २०२५ अमेरिकेने येमेनवर जोरदार हवाई हल्ले केले, ओमानच्या मध्यस्थीने ते थांबले, आणि या सगळ्या काळात व्यापारी जहाजांवर हल्ला झाला नाही. डिसेंबर २०२४ पासून मोजलं तर सुमारे सात महिने शांतता. कोणतंही सरासरीवर चालणारं गणित जूनअखेर ‘जवळपास शून्य’ म्हणालं असतं. पण मे महिन्यात हूतींनी इस्रायलच्या हैफा बंदराची नाकेबंदी जाहीर केली होती आणि तिथे जाणाऱ्या कंपन्यांना ताकीद दिली होती. ६ जुलैला मॅजिक सीज, लगेच पाठोपाठ इटर्निटी सी. एका आठवड्यात दोन जहाजं तळाला. ताकीद आणि हल्ला यांत एकदा पाच दिवस होते, एकदा जवळपास सात आठवडे. जाहीरनाम्याचं वजन दोन आठवड्यांनी शून्यावर आणणारी पद्धत इथे सपशेल हरते. ताकीद मागे घेतली जाईपर्यंत ती जिवंत धरा.

हे गणितात आणण्याचा सोपा मार्ग म्हणजे दोन अवस्था धरणं: मोहीम चालू आणि मोहीम थंड. समजा चालू अवस्थेत आठवड्याची शक्यता ५५ टक्के, थंड अवस्थेत २. आत्ता मोहीम चालू असण्याला तुम्ही १५ टक्के देत असाल, तर ०.१५ × ५५ + ०.८५ × २, म्हणजे सुमारे १० टक्के. आता सगळी चर्चा त्या १५ वर केंद्रित होते, आणि ती तिथेच व्हायला हवी. शांत काळात अंदाजकाराचं मुख्य काम हा एकच आकडा जपणं.

हा आकडा कशाने हलवायचा, महत्त्वाच्या क्रमाने: पहिल्यांदा हूती नेतृत्वाची लक्ष्यांची नवी व्याख्या (‘कोणावर’ हा शब्द बदलला का ते बघा, नुसता आवेश वाढला तर आकडा हलवू नका). मग सनामधल्या त्यांच्या मानवतावादी समन्वय केंद्राकडून, म्हणजे एचओसीसीकडून, जहाज कंपन्यांना गेलेल्या ईमेल आणि नोटिसा. मग गाझातला युद्धविराम टिकतोय की मोडतोय. मग होदेदा, रास इसा, सलीफ या बंदरांवरचे हवाई हल्ले. युद्धजोखीम विम्याचा भाव शेवटी: तो शांत काळात जहाजाच्या किमतीच्या ०.०५ टक्क्यांच्या आसपास किंवा खाली असतो आणि २०२४ च्या सुरुवातीला ०.७ ते १ टक्क्यापर्यंत गेला, पण तो बहुधा हल्ल्यानंतर हलतो, आधी नाही. त्याचा उपयोग तुमचा आकडा बाजारापासून किती दूर आहे हे कळण्यासाठी.

प्रत्येक खुणेला एक पट आधी ठरवून ठेवा आणि ती शक्यतेला नाही, ‘होईल विरुद्ध न होईल’ या प्रमाणाला लावा. चार टक्के म्हणजे ४ : ९६. तिप्पट केलं की १२ : ९६, म्हणजे ११ टक्के. दोन खुणा एकाच घटनेतून आल्या असतील, उदाहरणार्थ भाषण आणि त्याच दिवशीची नोटीस, तर दोनदा गुणू नका. सगळ्यात जास्त फुगलेले अंदाज याच चुकीने फुगतात.

कोणतं जहाज

क्षेत्राचा अंदाज झाला. पण जहाजावर बसलेल्या माणसाला ‘माझं काय’ हे हवं असतं. पुन्हा कल्पित आकडे: १,६८० फेऱ्यांपैकी २० टक्के, म्हणजे ३३६ फेऱ्या अशा जहाजांच्या की ज्यांचा जाहीर केलेल्या लक्ष्य-यादीशी दुवा आहे. १२ पैकी ९ हल्ले त्यांच्यावर झाले. त्यांचा दर २.७ टक्के, उरलेल्या १,३४४ फेऱ्यांत ३ हल्ले, ०.२२ टक्के. एकाच पाण्यात, एकाच आठवड्यात धोक्यात बारापट फरक. सगळ्यांना ०.७ सांगणं म्हणजे दोघांचीही दिशाभूल.

दुवा शोधायची यादी: नोंदणीकृत मालक, खरा मालक, व्यवस्थापक कंपनी, भाड्याने घेणारा, ध्वज, या जहाजाच्या मागच्या दोन वर्षांच्या बंदरभेटी, आणि त्याच मालकाच्या किंवा व्यवस्थापकाच्या बाकी जहाजांच्या बंदरभेटी. शेवटचा मुद्दा टाळू नका. मॅजिक सीजवर हल्ला केल्यावर हूतींनी कारण दिलं ते कंपनीने इस्रायली बंदरांवरची बंदी मोडल्याचं. त्या दोन्ही जहाजांच्या कंपन्यांच्या ताफ्यातली इतर जहाजं इस्रायलला जाऊन आली होती. इक्वासिस या संकेतस्थळावर मालकी आणि व्यवस्थापनाचा इतिहास फुकट बघता येतो. शोध नावाने नाही, सात आकडी आयएमओ क्रमांकाने घ्या. जहाज विकलं की नाव आणि ध्वज बदलतात, हा क्रमांक जन्मभर तोच.

आता नेमकं उलट वाटणारं एक सांगायचं आहे. मालकी बदलली असेल तर जुनी मालकीही तपासा. हल्लेखोर जाहीर माहितीवरच चालतात, आणि ती शिळी असते. एप्रिल २०२४ मध्ये अँड्रोमेडा स्टार हे रशियन बंदरातून गुजरातमधल्या वाडीनारकडे तेल आणणारं जहाज ब्रिटिश म्हणून लक्ष्य झालं. ते काही महिन्यांपूर्वीच विकलं गेलं होतं. म्हणून दोन-तीन माहितीसाठे उघडा आणि ते एकमेकांशी जुळत नसतील तर धोका वाढवा, कमी करू नका. ज्याने डागायचं ठरवलंय त्याच्या पडद्यावर काय दिसतंय, हा प्रश्न.

आणि या पायरीचा मोठा सापळा: जहाजावर हल्ला झाल्यावर शोधलं तर दुवा सापडतोच. मालक, आतेमालक, तीन वर्षांपूर्वीचं भाडं, काहीतरी निघतं. तेवढीच खोल खणती न लागलेल्या जहाजांवर केली तर त्यातही निघतं. म्हणून दर सोमवारी, आठवडा सुरू व्हायच्या आधी, जाणाऱ्या जहाजांपैकी निदान ५० चा नमुना घेऊन त्यांना ‘दुवा आहे / नाही’ अशी खूण करा आणि ती खूण नंतर बदलू नका. हल्ला झालेल्या जहाजासाठी त्याच आठवड्यातली, त्याच दिशेने गेलेली, साधारण त्याच आकाराची चार जहाजं तुलनेला घ्या. हे कंटाळवाणं काम आहे. ते केल्याशिवाय वरच्या त्या बारापटीला काही अर्थ नाही.

फेरीतला धोकाही सगळीकडे सारखा नसतो. १८ अंश उत्तरेपासून ४८ अंश पूर्वेपर्यंत साधारण ६५० नाविक मैल, १५ नॉटने सुमारे ४३ तास. त्यातल्या कोणत्या तासांत तुमच्या वहीतल्या घटना दाटल्या आहेत ते अक्षांशांच्या एकेका अंशाने मोजा. हवामान अस्त्रानुसार लावा: दीड-दोन मीटरच्या वर लाटा असतील तर छोट्या होड्या आणि बिनमाणशी होड्यांचा वाटा खाली आणा, क्षेपणास्त्र आणि ड्रोनचा तसाच ठेवा. एआयएस बंद करण्याला सवलत देऊ नका. ते बंद असलेल्या जहाजांवरही हल्ले झाले आहेत.

आकडा सांगताना

‘शक्यता नाकारता येत नाही’ असं वाक्य अहवालात नको. ‘१० टक्के, पट्टा ५ ते १८’ असं लिहा आणि खाली तीन ओळी: कशामुळे हा आकडा, कोणती एक गोष्ट घडली तर तो दुप्पट होईल, कोणती घडली तर निम्मा. निदान तिघांनी एकमेकांना न दाखवता आकडा लिहावा आणि मग मधला घ्यावा. आधी चर्चा केली की सर्वात ज्येष्ठ माणसाचा आकडा सगळ्यांचा होतो.

खलाशांना मात्र नुसता आकडा देऊन थांबू नका. आयबीएफच्या (जहाज कंपन्या आणि खलाशी संघटना यांच्या वाटाघाटींच्या मंचाच्या) करारात युद्धसदृश ठरवलेल्या क्षेत्रात जायला नकार देण्याचा आणि कंपनीच्या खर्चाने घरी परतण्याचा हक्क खलाशाला आहे. त्या हक्काचा उपयोग करायचा तर फेरीआधी, बंदरात असताना, त्याच्या हातात त्याच्या भाषेत ही माहिती पोचायला हवी. मार्लिन लुआंडावर जानेवारी २०२४ मध्ये आग लागली तेव्हा जहाजावर २२ भारतीय होते आणि आग विझवायला आयएनएस विशाखापट्टणमची माणसं चढली. २.७ टक्के हा आकडा विमेदारासाठी भावाचा प्रश्न आहे. इंजिनरूममधल्या माणसासाठी तो पूर्ण वेगळा प्रश्न आहे, आणि दोघांना एकच कागद पाठवणं चूक आहे.

जहाजाचं नाव, वेळ आणि मार्ग असलेला अंदाज कधीही उघड्यावर टाकू नका. क्षेत्राचा आठवड्याचा आकडा जाहीर करायला हरकत नाही. जहाजाचा कागद फक्त कप्तान, कंपनीचा सुरक्षा अधिकारी आणि विमेदार यांच्यापुरता.

गुण देणं

दर आठवड्याच्या अंदाजाला ब्रायर गुण द्या: सांगितलेली शक्यता वजा निकाल (घडलं १, नाही ०), त्याचा वर्ग. १५ टक्के सांगितलं आणि घडलं तर ०.७२, न घडलं तर ०.०२. कमी गुण चांगले. पण एकटा हा आकडा थंड काळात फसवतो, कारण दर आठवड्याला २ टक्के लिहिणाराही छान दिसतो. म्हणून एक मठ्ठ प्रतिस्पर्धी ठेवा: मागच्या आठ आठवड्यांपैकी जितक्यांत हल्ला झाला तेवढीच शक्यता दर वेळी सांगणारा. तुमचे सरासरी गुण भागिले त्याचे, हे १ मधून वजा केलं की तुमचं कौशल्य. तीसेक आठवड्यांच्या आत यावरून काही ठरवू नका. अवस्था बदलली ते आठवडे वेगळे काढून तिथले गुण स्वतंत्र बघा. मठ्ठ प्रतिस्पर्धी तिथेच हरतो, आणि तुम्हीही तिथेच हरत असाल तर खुणांना दिलेल्या पटी चुकलेल्या आहेत.

शेवटची अडचण अशी की तुमचा अंदाज लोक ऐकतात. धोका ४० टक्के सांगितला, दुव्याची जहाजं वळसा घालून गेली, हल्ला झाला नाही, आणि गुणपत्रकात तुम्ही चुकलात. यावर उपाय एकच: अंदाजासोबत अपेक्षित फेऱ्या आणि त्यांतली दुव्याची जहाजं लिहा. आठवडा संपल्यावर प्रत्यक्ष आकडे टाकून शक्यता पुन्हा काढा आणि दोन्ही गुण शेजारी ठेवा. १० ऑक्टोबर २०२५ च्या गाझा युद्धविरामासारख्या वळणानंतर जहाजं हळूहळू परतू लागतात. त्या काळात फेऱ्यांचा रकाना आठवड्याला नाही, रोज भरा. आणि दुव्याच्या जहाजांचा वाटा पाच टक्क्यांनी वाढला की सोमवारची वाट न बघता आकडा पुन्हा काढा.